तेलमातीवरचा कौल

१५ जुलै १९५६, रविवार. मंचेरियल

आज पुन्हा हातभरावरून चुकलो. हातभर म्हणजे अगदी हातभर. वाकून चेंडू बोटांनी भोकात सोडता आला असता. क्लबातले बाकीचे लोक सभ्य आहेत, तोंडावर हसत नाहीत. राजलिंगम हसतो. राजलिंगम म्हणजे इथल्या स्टेशनावरचा पार्सलबाबू आणि माझा मित्र. दोघंही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून आपसात उर्दूमिश्रित हिंदीत बोलतो. त्याची तेलुगू मला अर्धी कळते, माझी मराठी त्याला पाऊण.

गोरे साहेब होते तोवर क्लबाच्या फाटकातून आत डोकवायचीही आमची प्राज्ञा नव्हती. पोलीस ॲक्शननंतर ते गेले, मैदान ओस पडायला लागलं, तेव्हा कोळशाच्या खाणीवरल्या नव्या अधिकाऱ्यांनी स्टेशनातल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांनाही आत घेतलं. अडला हरी म्हणतात तसं. आम्ही कोण ते म्हणीतच आलं आहे. तर मी, जंगलखात्यातला हेडक्लार्क चंपतराव, मूळ भीमपूरचा, ज्याच्या घराण्यात काठी फक्त बैलामागं धरली गेली, तो चार वर्षांपासून गोल्फ खेळतो.

लांबचा फटका मला बरा जमतो. घोटाळा होतो जवळ आल्यावर. आमच्याकडे भोकाभोवती हिरवळ नाही, इथल्या उन्हात ती टिकायचीही नाही. गोदावरीची वाळू आणि खाणीतलं जळकं तेल कालवून गोल चौथरा केला आहे, त्याला आम्ही तेलमाती म्हणतो. तिथवर पोचलं की माझे पाय रुततात आणि डोकं चालू होतं. डावीकडून मारू की उजवीकडून, हळू की जोरात. मागे उभी असलेली मंडळी विडी पेटवतात, ती संपवतात.

घरीही सध्या तेच. हैदराबाद राज्य मोडणार, नोव्हेंबरपासून आपला भाग आंध्रात आणि किनवट तालुका मुंबई राज्यात, असं ठरत आलं आहे. कचेरीतल्या मराठी नोकरांना विचारणा झाली आहे: तिकडे जायचं की इथंच राहायचं, दहा ऑक्टोबरच्या आत कळवा. एकदा कळवलं की फिरवता येणार नाही. जयवंताबाईचं माहेर किनवट तालुक्यातलं. मला स्वतःला इथून हलायचं अगदी जिवावर येतं, पण सव्वीस वर्षं ती माझ्यामागं परमुलखात राहिली. आता तिला तिच्या माणसांत न्यावं हे माझं कर्तव्य आहे. तिला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

म्हणजे निर्णय झाल्यातच जमा आहे. फक्त कळवायचं राहिलं.

१७ जुलै

सरावासाठी अंगणात फाटकाजवळ पितळी पेला पुरला. अंगण चोपून, शेणाने सारवलेलं, गुळगुळीत. तुळशीपाशी चेंडू ठेवायचा आणि फाटकाकडे मारायचा. उलट दिशेला पेला पुरता येत नाही, कारण उंबरठ्यासमोर जयवंताबाईची रांगोळी असते.

ती शेणाचे हात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "पेला काऊन पुरला? पाहुणे आले त काय अंगणात ओणवे होऊन पानी पितीन?"

मी खेळाची माहिती दिली. ती म्हणाली, "बरं." या बाईच्या बरंमध्ये काय काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

२९ जुलै, रविवार

पाऊस उघडीप देतो तेवढ्यात रोज सराव. काय सांगू! तुळशीपासून पेल्यापर्यंत चेंडू असा मुकाट जातो की माझाच विश्वास बसत नाही. नुसता स्पर्श करायचा. मला वाटतं हाताला आता जाण आली आहे. पुस्तकात लिहितात ती नजाकत हीच असावी. राजलिंगमला अजून सांगितलेलं नाही, एकदम दाखवणार.

५ ऑगस्ट, रविवार

फजिती झाली. पहिल्या चौथऱ्यावर नजाकतीने स्पर्श केला, चेंडू निम्म्या वाटेत थांबला. दुसऱ्यावर तेच. सगळीकडे तेच. राजलिंगम म्हणाला, "क्या चंपतराव साब, गेंद को आज उपवास है?"

घरी येऊन लगेच अंगणात मारून पाहिलं. सरळ पेल्यात.

८ ऑगस्ट

उलगडा झाला, आणि मी तो कुणालाही सांगणार नाही.

दुपारी जोराची सर आली. मी पडवीत उभा. अंगणातलं पाणी तुळशीला वळसा घालून फाटकाकडे धावत होतं, आणि मी विसरलेला चेंडू त्याच्याबरोबर आपोआप फाटकाकडे निघाला होता. काठी न लागता. घरात पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक अंगणाला उतार असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तीन आठवडे उतारावर चेंडू सोडत होतो आणि त्याला नजाकत म्हणत होतो.

जयवंताबाई मागे येऊन उभी राहिली. "उतार तुमीच त काढून घेतला होता, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"मले वाटलं खेळच तसा असन. तुमी खुश दिसत होते."

संध्याकाळी बघतो तर तिने उंबरठ्यासमोरची आपली जागा मोकळी करून दिलेली. रांगोळी आता फाटकाशी आणि पेला घरापाशी. "आता चढावर मारा," म्हणाली. चढावर मारायला हिंमत लागते. पहिले पाच चेंडू परत माझ्याच पायाशी आले. पण मजा आली, खरंच आली.

२६ ऑगस्ट, रविवार

चढाच्या सरावाने भोकापर्यंत चेंडू पोचू लागला आहे. आता दुसरं दुखणं: चौथऱ्याच्या बाहेरून, वीस-पंचवीस पावलांवरून मारायचा छोटा फटका. त्यासाठी नऊ नंबरची काठी. माझा चेंडू एकतर जमिनीत तोंड खुपसतो नाहीतर चौथऱ्यापलीकडच्या तरवडात जातो.

राजलिंगमचं म्हणणं, मी चेंडूला उचलायला जातो. "उठाने की फिकर तुम क्यों करते? उसके लिए लोहा तिरछा बनाया है ना. तुम नीचे मारो, वो खुद उठेगा." शिवाय जमीन मुरमाड, चेंडू थेट चौथऱ्यावर टाकला तर उडून जातो. अलीकडे टाकायचा आणि चालत जाऊ द्यायचा.

अंगणात रिकाम्या काठीने हात फिरवून पाहत होतो. जयवंताबाई भाकरी टाकता टाकता म्हणाली, "भाकर तव्यावर टाकताना हात मधीच थांबवला त भाकर मोडते. तुमी मधीच थांबता."

मी तिला समजावलं की गोल्फ आणि भाकरी या भिन्न गोष्टी आहेत. मग ती आत गेल्यावर न थांबता हात फिरवून पाहिला. असो. पुढच्या रविवारी मैदानावर बघू.

४ सप्टेंबर. पोळा

मेव्हणे भगवंतराव किनवटहून आले. बैलांची पूजा गावात सोडून इथं आले, म्हणजे काम मोठं असणार. पुरणपोळी खातानाच सुरू झाले: "भाऊजी, आता कायचा इचार? आपलं राज्य होऊन राह्यलं. इथं तेलगूत कागद येतीन, तुमाले वाचता येईन का? मी किनवटले घर पाहून राह्यलो तुमच्यासाठी. आमच्या थोरल्या बायजाक्काच्या वाड्याशेजारी, आड हाये दारात."

खरं तर मला तो आड नको होता आणि तो वाडाही. पण जयवंताबाई समोर वाढत होती. तिला बरं वाटावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "जाऊ की! आपल्या माणसांत राहण्यासारखं सुख नाही. भाडं किती म्हणता?"

तिच्या हातून तुपाची वाटी कलंडली. ती आत निघून गेली. आनंद लपवायचा असला की ती अशीच आत जाते.

भगवंतराव तांब्याचा मोठा हंडा तरी आता गाडीत घेऊन जातो म्हणाले, तेवढंच सामान हलकं. आतून आवाज आला, "हंडा इथं लागते." फार काटकसरी बाई. एक महिन्यासाठीसुद्धा दुसरा हंडा घेणार नाही.

स्टेशनावर पोचवायला गेलो तेव्हा भगवंतरावांनी राजलिंगमलाही सांगून टाकलं की आमचं जायचं ठरलं. राजलिंगम पार्सलं मोजत होता. "अच्छा है," म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

१६ सप्टेंबर, रविवार

मैदानावर आज नऊ नंबरने दोनदा चेंडू भोकाशेजारी नेऊन ठेवला. हात थांबवला नाही, एवढंच केलं. राजलिंगम टाळ्या वाजवणाऱ्यातला नाही, पण त्याने काठी खांद्यावरून खाली घेतली. त्याच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

घरी आलो तर जयवंताबाई आडापाशी लिंबाचं रोप लावत होती. मी म्हटलं, "लिंबू तीन वर्षांनी धरतं. फळ कोण खाणार?"

"जो राहीन तो."

निघायच्या वेळी माणसाचं मन असं मोठं होतं. शेजारी राजलिंगमची बायको राजव्वा बसली होती आणि दोघी मिळून गोवऱ्या मोजत होत्या, तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू. बारापर्यंत जयवंताबाई न अडखळता गेली. मी हसलो. म्हटलं, किनवटला जाऊन कुणाला मोजून दाखवणार आहेस? राजव्वाने तिच्याकडे पाहिलं, तिने राजव्वाकडे. बायकांचं आपसात काय चालतं ते देवालाही कळत नाही.

चूलही नवी घालून घेतली आहे. जाताना घर नीट करून द्यावं, हा तिचा स्वभाव.

३० सप्टेंबर, रविवार

क्लबाच्या ढालीच्या सामन्यात मी अंतिम फेरीत पोचलो! खाणीवरल्या डॉक्टरांना हरवलं. त्यांचा लांबचा फटका माझ्या दीडपट जातो, पण जवळ आलं की मी. मी, चंपतराव! चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. रस्ताभर सायकलवर गात आलो.

पुढच्या रविवारी अंतिम सामना, राजलिंगमशी. आणि बुधवारी, दहा तारखेला, कचेरीची मुदत.

जायचं ठरलं आहे असं मी सगळ्यांना सांगतो, पण कागदावर सही होत नाही. रोज टाक उचलतो, रोज ठेवतो. जयवंताबाईसाठी गेलंच पाहिजे, हे डोक्याला पटतं. हाताला पटत नाही. तेव्हा आज एक गोष्ट ठरवली आणि ती फक्त इथं लिहून ठेवतो. आमच्या गावी अडलेल्या कामाला मारुतीला कौल लावतात. फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि मग कुणी कुरकुर करायची नाही. मी कौल तेलमातीवर लावणार. अंतिम सामन्यातला माझा शेवटचा चेंडू भोकात पडला तर जायचं. चुकला तर राहायचं. पुढे विचार बंद.

मारुतीरायाला मनातल्या मनात सांगितलं आहे. गोल्फ म्हणजे काय ते त्याला समजावून सांगायला थोडा वेळ गेला.

५ ऑक्टोबर

बतुकम्मा, इकडच्या बायकांचा फुलांचा सण, सुरू झाला. जयवंताबाईने राजव्वाबरोबर रानात जाऊन तरवडाची पिवळी फुलं आणली आणि परातीत थरावर थर रचून सुंदर बतुकम्मा केली. सगळ्या जणी टाळ्या वाजवत गोल फिरत होत्या. तिला गाणी शब्दन् शब्द येतात, हे मला आज कळलं. शेवटचं वर्ष म्हणून हौस भागवून घेते आहे बिचारी. मला वाईट वाटलं, पण तिच्यापुढं चेहरा हसरा ठेवला.

७ ऑक्टोबर, रविवार

हे जरा सावकाश लिहितो, म्हणजे उद्या परवा वाचताना माझं मलाच खरं वाटेल.

आठ भोकं झाली तेव्हा आम्ही बरोबरीत. क्लबातली सगळी मंडळी मागे चालत होती. नवव्याला राजलिंगमचा चेंडू चौथऱ्यावर आधी पोचला. माझा बाहेर, मुरमावर. नऊ नंबर घेतला, खाली मारला, हात थांबवला नाही. चेंडू अलीकडे पडला, टणकन उठला आणि चालत चालत भोकापासून वीतभरावर जाऊन बसला. असा फटका मी जन्मात मारला नव्हता. राजलिंगमने तीन टोल्यांत आपला चेंडू घातला. आता माझा पडला तर ढाल माझी, चुकला तर बरोबरी आणि पुढे आणखी एक भोक.

वीतभर. उताराचा प्रश्न नाही, वाऱ्याचा नाही. लाकडी फळीने वाट सपाट करून घेतली, उभा राहिलो. मारुतीचं नाव घेतलं. आणि एक विचित्र गोष्ट झाली, ती जशी झाली तशी लिहितो. खाली पाहिलं तर काठीचं तोंड भोकाकडे नव्हतं. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला कडुलिंब आहे, त्याच्याकडे वळलं होतं, चांगलं चार बोटं. दिसत होतं, सरळ करायला हवं होतं. केलं नाही. घामाने मूठ फिरली असावी. तसाच हात मागे नेला.

तेवढ्यात राजलिंगम म्हणाला, "दिया."

या खेळात रीत आहे, समोरच्याने "दिला" म्हटलं की चेंडू पडला असं धरतात, मारावा लागत नाही. पण राजलिंगमने आजवर कुणाला चेंडू दिलेला नाही. स्टेशनात पावतीवाचून पार्सल सोडत नाही, तसंच इथंही. बोटभरावरचासुद्धा घालायला लावतो. त्याने वाकून माझा चेंडू उचलला, माझ्या हातात ठेवला आणि तोंड फिरवून रेल्वेलाइनकडे चालायला लागला. डोळे पुसत होता. धूळ गेली असावी. तेलमातीची धूळ उडत नाही, पण असो.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. ढाल हातात. आणि मी मनातून असा चिडलेलो की काय सांगू. कौल गेला! चेंडू पडलाही नाही आणि चुकलाही नाही. उद्या परवा सही करायची, आणि देवाने विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही.

८ ऑक्टोबर

काल ढाल घेऊन घरी गेलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. जयवंताबाईने ओवाळलं. मी पाटावर बसून राहिलो. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी सगळं सांगून टाकलं. कौलाचं, मारुतीचं, काठीच्या तोंडाचं, राजलिंगमने चेंडू दिल्याचं.

ती निरांजन खाली ठेवून माझ्यासमोर बसली. "पुन्हा सांगा. काठी कोनीकडं होती?"

"कडुलिंबाकडं."

"पडला असता त जायचं होतं, अन् चुकला त राहायचं?"

"हो."

"अन् वीतभर चेंडू, तुमी कडुलिंबाकडं मारून राह्यले होते." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "अवो, तुमाले जायचंच नाई."

मला एकदम रडू आलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ढाल मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "नाही जायचं गं. पण तुझं माहेर, तुझी माणसं. तुला आता सुखात..."

"मले कोनी इचारलं?" तिचा आवाज चढला. "देवाले इचारलं, चेंडूले इचारलं, माया भावाले भाडं इचारलं. मले? मी इथं लिंबू लावून राह्यली, चूल घालून राह्यली, तेलगूत बारापर्यंत शिकली. अजून काय करू? बोर्ड लावू दारावर?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी भावापुढं मोठ्यानं म्हनले ना, जाऊ की! मले वाटलं, तेलगू कागदाचं तुमाले भ्या वाटून राह्यलं, आता तुमाले इथं काऊन अडकवू." आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माहेर सणासुदीले गोड. मायं घर हे हाये."

तीन महिने आम्ही दोघं एकमेकांच्या सुखासाठी तोंड दाबून बसलो होतो. सव्वीस वर्षांत मी या बाईला साडीचा रंग विचारला, भाजी विचारली, औषध विचारलं. कुठं राहायचं ते नाही विचारलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं. नंतर दोघंही हसत सुटलो, भाजी करपली.

आज सकाळी कचेरीत पोचल्याबरोबर सही केली. इथंच राहणार. टाक उचलला आणि ठेवला नाही.

१ नोव्हेंबर १९५६, गुरुवार

पहाटे अभ्यंगस्नान. जयवंताबाईने उटणं लावताना सांगितलं की रात्रीत राज्य बदललं. अंगण तेवढंच होतं. मुलूख नवा, कागद आता तेलुगूत येणार, ते मी राजव्वाच्या धाकट्या लेकीकडून शिकतो आहे. अक्षरं गोलमटोल, मजेशीर. चार ओळींना अर्धा तास लागतो, पण लागू दे.

फराळानंतर मी आणि राजलिंगम मैदानावर गेलो. राहणार असल्याचं मी त्याला आठ तारखेलाच सांगितलं होतं. तेव्हा तो नुसता "अच्छा है" म्हणाला, पण त्या दिवशी पार्सलं पुन्हा मोजली नाहीत.

पहिल्याच चौथऱ्यावर माझा चेंडू भोकापासून वीतभरावर थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू उचलायला वाकलो.

"हाथ मत लगाओ," राजलिंगम ओरडला.

"उस दिन तो दिया था ना?"

"उस दिन तुम जा रहे थे. जानेवाले को खाली हाथ कैसे भेजता?" त्याने काठी बगलेत मारली, पाय रोवले आणि हाताची घडी घातली. "अब इधरच रहनेवाले हो. अब एक भी नहीं मिलेगा. डालो."

मला इतकं बरं वाटलं की फळीने वाट सपाट करायचंही विसरलो. काठीचं तोंड नीट भोकाकडे धरलं, अगदी सरळ, आणि मारला. चेंडू भोकाच्या काठावरून फिरून पलीकडे गेला. राजलिंगम पोट धरून हसला. तिकडून परत मारला, तेव्हा पडला.